पन्नास पोती

गेल्या उन्हाळ्यात लातूरहून पुतण्याचा फोन आला. त्याने घर काढले आहे. पाया झाला, कॉलम उभे राहिले, सेंटरिंगच्या प्लेटा ठोकून झाल्या आणि आता स्लॅब. आवाजात लग्नघरातली घाई होती. "काका, रेडीमिक्सवाला विचारायलाय, किती क्यूबिक मीटर माल पाठवू म्हणून. मिस्त्री म्हणायलाय, वीस सांगून टाका. तुम्ही बँकेत असताना इस्टिमेटं तपासायचात ना? जरा बघा की."

तपासायचो खरा. बँकेत होतो तोवर लोकांच्या घरांची अंदाजपत्रके तपासली आणि रात्री जागून कादंबऱ्या लिहिल्या. कादंबरीत घर बांधायला सिमेंट लागत नाही. एका वाक्यात माडी चढते आणि दुसऱ्या वाक्यात वाटण्या होऊन भिंतही पडते. पण पुतण्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती. काँक्रीटच्या हिशेबात त्याचा हा काका एकदा सपशेल नापास झाला होता, आणि तेही स्वतःच्याच घराच्या स्लॅबवर.

त्याला म्हटले, "नकाशा पाठव. आणि मिस्त्रीला म्हणावं, उद्यापर्यंत दम धर." फोन ठेवला आणि कपाटातून जुनी वही काढली. लाल पुठ्ठ्याची, बँकेच्या खतावणीसारखी लांबट. तिच्यात १९९७ सालच्या मे महिन्याचे एक पान आहे. त्यावर लाल पेन्सिलीने लिहिले आहे : सिमेंट, पन्नास पोती. त्या आकड्याखाली दोन रेघा आहेत. हिशेब बरोबर असल्याची खात्री झाली की मी दोन रेघा मारत असे.

आमचे मूळ गाव औसा तालुक्यातले. गावातली सगळी घरे माळवदाची. दोन-अडीच फुटांच्या दगडमातीच्या भिंती, लाकडी खांब आणि तुळया, वर फळ्या, त्यावर मातीचा थर. दर उन्हाळ्याच्या शेवटी माळवदावर नवी माती चढायची, म्हणजे पावसाळ्यात गळू नये. जुनी कोणी काढत नसे. आजोबांच्या मातीवर वडिलांची माती आणि वडिलांच्या मातीवर आमची. उन्हाळ्यात आत गारवा असे, आणि 'स्लॅबच्या घरात जीव भाजतो' असे म्हणत आमच्या चुलत्यांनी शहरात राहायला नेहमी नकार दिला. त्या मातीचे वजन किती, हा प्रश्न गावात पिढ्यान् पिढ्या कोणाला पडला नव्हता. मलाही नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना जमीन हलली. मी तेव्हा लातूरच्या शाखेत होतो. किल्लारी लातूरपासून चाळीसेक किलोमीटर. आमच्या भाड्याच्या घरातली भांडी फडताळातून खाली आली, एवढेच. उजाडल्यावर गावाकडे निघालो. वडील वाचले होते. गणपती बोळवून उशिरा आले, घरच्यांची झोप मोडायला नको म्हणून अंगणातच बाज टाकून पडले. चुलती आणि तिची नात आत होत्या.

लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांतली बावन्न गावे पूर्णपणे जमीनदोस्त झाली आणि सरकारी आकड्याप्रमाणे आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. त्या दिवसांबद्दल खूप लिहिले गेले आहे, मी पुन्हा लिहीत नाही. एकच गोष्ट सांगतो, कारण ती या लेखाच्या विषयाची आहे. आमच्या घराचे लाकडी खांब आणि तुळया बऱ्याचशा उभ्याच होत्या. भिंती बाहेर-आत ढासळल्या होत्या आणि माळवद जिथे खाली आले तिथे मातीचा ढिगारा होता. त्या ढिगाऱ्यावर उभा राहून एक तरुण इंजिनिअर, मदतकार्याला आलेला, टेपने मातीच्या थराची जाडी मोजत होता. दीड फूट भरली. तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "घनफुटाला पंचेचाळीस किलो धरले, तरी चौरस फुटाला सदुसष्ट-अडुसष्ट किलो." मी बँकेतला माणूस. दहा बाय बाराच्या खोलीचा गुणाकार डोक्यात आपोआप झाला. आठ टनांच्या वर. इतकी वर्षे आमची माणसे त्याच्याखाली झोपत होती.

त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत लातूर भागात स्लॅब हा शब्द देवाच्या नावासारखा झाला. पुनर्वसनाच्या गावांत जमिनीच्या मानाने अडीचशे, साडेचारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची घरे उभी राहत होती. ज्यांना सरकारी घर मिळायचे नव्हते ते शहरात बँकेच्या दारात येत होते, आणि मी गृहकर्जाच्या टेबलावर बसलो होतो. अर्जदार एकच म्हणायचा, "साहेब, काही करा, पण वर स्लॅब पाहिजे." जाड पाहिजे, हेही पुष्कळदा ठरलेले असे. माती पडली म्हणून माणसे मेली, तर काँक्रीट पडणार नाही इतके जाड टाका, असा तो भाबडा तर्क. हसू नका, मीसुद्धा त्यातलाच होतो.

अंदाजपत्रकावर इंजिनिअरचा शिक्का असायचा आणि आमच्या टेबलावर लाल पेन्सिल. शाखेत एक अलिखित रीत होती : अंदाजपत्रक दहा टक्के फुगवलेले असते असे धरून चालायचे. मी त्यात आणखी एक गोष्ट केली. इंजिनिअर नव्हतो, तरी स्लॅबचा हिशेब शिकून घेतला. आणि आपल्याला येतो म्हटल्यावर दुसऱ्याचा तपासायची हौस वाढली.

हिशेब तसा सातवीच्या पोराला येईल असा. लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी. तीस फूट बाय वीस फुटांचा स्लॅब असेल तर सहाशे चौरस फूट. जाडी पाच इंच, म्हणजे बाराचे पाच भाग. सहाशेला पाचने गुणा, बाराने भागा : अडीचशे घनफूट. गवंड्याच्या भाषेत अडीच ब्रास, कारण शंभर घनफुटांचा एक ब्रास. हे झाले ओल्या, ओतून बसलेल्या काँक्रीटचे माप. पण आपण बाजारातून काँक्रीट आणत नव्हतो. सिमेंट, वाळू आणि गिट्टी सुटी आणत होतो. सुट्या मालात पोकळी असते. ज्वारीच्या पोत्यात तीळ ओतून पाहा. बरेच तीळ ज्वारीच्या फटींत नाहीसे होतात आणि पोते होते तेवढेच राहते. तसेच गिट्टीच्या फटींत वाळू बसते, वाळूच्या फटींत सिमेंट, आणि ढीग आटतो. म्हणून ओल्या मापाला १.५४ ने गुणायचे. अडीचशेचे तीनशे पंच्याऐंशी घनफूट कोरडा माल.

आता प्रमाण. एकास दीडास तीन, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग गिट्टी. मिळून साडेपाच भाग. तीनशे पंच्याऐंशीला साडेपाचने भागले की सत्तर. सत्तर घनफूट सिमेंट, एकशे पाच घनफूट वाळू, दोनशे दहा घनफूट गिट्टी. पन्नास किलोचे पोते सव्वा घनफुटाला किंचित कमी भरते, तेव्हा सत्तर घनफुटांची सत्तावन्न पोती. हेच एकास दोनास चारने केले तर पंचेचाळीस पोत्यांत भागते. बारा पोत्यांचा हा फरक त्या काळी अनेक घरांनी वाचवला. त्यात बेकायदा काही नव्हते; प्रबलित काँक्रीटसाठी किमान एम-२० दर्जा, म्हणजे साधारण हे एकास दीडास तीन, असे भारतीय मानक २००० सालच्या आवृत्तीत म्हणू लागले.

एवढे गणित आले की माणसाला वाटते, झाले. खरी गंमत पुढे असते. नकाशा मीटरमध्ये, मिस्त्री फुटात बोलणार, सळई मिलिमीटरमध्ये आणि वजनाने, वाळू ब्रासने आणि सिमेंट पोत्याने. एका घरात इतक्या भाषा, आणि दुभाषा कोणीच नाही. त्यातून वाळूचा ट्रक. गोदावरीची वाळू नांदेडला ओली यायची. थोडी ओल असली की वाळू फुगते, वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत. ट्रकमध्ये टेप लावली तर माप बरोबर. वाळली की ढीग खाली बसतो आणि आपण ट्रकवाल्याला चोर म्हणतो. बिचारा नेहमीच चोर नसायचा.

पूर्वी हा हिशेब इतक्या बारकाईने कोणी करत नसे, त्यालाही कारण होते. सिमेंट परवान्यावर मिळायचे. किती लागते यापेक्षा किती मंजूर होते हा प्रश्न. सिमेंटच्या वाटपावरून उठलेल्या वादळात १९८२ साली महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले होते. १९८९ मध्ये नियंत्रण पूर्ण उठले आणि पोते दुकानात उघड मिळू लागले. आमची पिढी ही मोजून सिमेंट आणणारी पहिली पिढी म्हणायला हरकत नाही.

१९९६ मध्ये माझी नांदेडला बदली झाली. गावाकडचे घर गेले होते, वडील थकले होते. आता इथेच चार भिंती घालाव्यात असे ठरले. प्लॉट घेतला. नऊ इंची विटांच्या भिंती, वर तीस बाय वीसचा स्लॅब, मध्ये आडवे दोन बीम. आमच्याच बँकेचे कर्मचारी कर्ज. आमच्या शेजारच्या प्लॉटवर एका शाळेतले सर घर बांधत होते. त्यांची फाइल माझ्याच टेबलावरून गेली होती. त्यांच्या अंदाजपत्रकात स्लॅबच्या सिमेंटवर मी लाल रेघ मारली होती, हे मला आठवत होते. त्यांनाही आठवत असणार, पण भेटले की हात जोडून "काय साहेब, कुठवर आलं?" एवढेच विचारायचे.

माझ्या इंजिनिअरने स्लॅबला पासष्ट पोती लिहून दिली. मी त्या आकड्याकडे पाहिले आणि हात पेन्सिलीकडे गेला. नकाशावरची मापे घेतली, गुणाकार केला, आले पन्नास. दोनदा केला, पन्नासच. इंजिनिअरला म्हटले, "तुम्ही पंधरा पोती जास्त धरलीत." तो वयाने लहान, बँकेचा साहेब समोर; म्हणाला, "सर, राहू द्या ना, पुढे प्लास्टरला येतील." मला ते पळवाटीचे उत्तर वाटले. पन्नासवर पाच जास्तीची, अशी पंचावन्न पोती आणली. औदार्य दाखवल्याचे समाधानही वाटले.

जाडीवरूनही वाद झाला. मला सहा इंच हवी होती. किल्लारीनंतर माझ्या मनाने जाडीच धरली होती. मिस्त्रीही माझ्या बाजूचा, "टाका साहेब सहा, रोज रोज का घर बांधायचंय." इंजिनिअर मात्र इथे हटला नाही. त्याने कागदावर लिहून दाखवले : एक घनफूट काँक्रीट म्हणजे सत्तर किलो. सहाशे चौरस फुटांवर पाच इंच, साडेसतरा टनांच्या वर वजन आधीच आहे. आणखी एक इंच म्हणजे पन्नास घनफूट, साडेतीन टन. "सर, भूकंप वजनाला धरून हलवतो. वर जितकं वजन, तितका झटका मोठा. तुमच्या गावात माती जड होती, तीच चूक तुम्ही सिमेंटने करायलात." मी गप्प बसलो. त्या ढिगाऱ्यावरचा टेप लावणारा मुलगा आठवला. पाच इंचांवर सही केली.

मे महिन्यातला स्लॅबचा दिवस. पहाटे नारळ फोडला. मिक्सर आला, व्हायब्रेटर आला, पंचवीसेक माणसे. घरात सकाळपासून पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि शिरा. स्लॅबच्या दिवशी कामावरच्या माणसांना गोड जेवण देण्याची आपल्याकडे रीत आहे. सव्वा घनफुटाच्या फर्म्याने मोजून वाळू आणि गिट्टी मिक्सरमध्ये पडत होती. इंजिनिअरने एका सळईवर पाच इंचांची खूण करून माझ्या हातात दिली होती. जिथे ओतून होईल तिथे ती खुपसून जाडी पाहायची. दुसरे काम त्याने सांगितले ते छज्जावर नजर ठेवण्याचे. खोलीवरच्या स्लॅबमध्ये सळई मधोमध तळाशी लागते. पण छज्जा हवेत लोंबतो, तिथे ती वरच्या अंगाला पाहिजे. माणसे घमेली घेऊन तिच्यावरून चालतात, सळई दबून खाली जाते, वरून कळत नाही. मग काही वर्षांनी छज्जा खाली येतो आणि लोक सिमेंटला दोष देतात. मी दुपारपर्यंत त्या छज्जाजवळ, उन्हात, डोक्याला पंचा गुंडाळून उभा होतो. एवढे एक काम तरी नीट केले.

पाच इंचांच्या खुणेवर मात्र माल अर्धा इंच वर चढत होता. मिस्त्री म्हणाला, "प्लेटा दबायल्यात साहेब वजनानं, एवढं चालतंय." सगळीकडे अर्धा इंच म्हणजे पंचवीस घनफूट, जवळपास सहा पोती. हे मी नंतर मांडले. तेव्हा नुसते मान हलवली.

चार वाजता मिस्त्री शिडीवरून खाली आला. "साहेब, पोती सरली." मला वाटले, तो थट्टा करतोय. वर गेलो. तेवीस फुटांपर्यंत स्लॅब झाला होता. पुढे वीस फूट लांब आणि सात फूट रुंद असा उघडा पट्टा, त्यात नुसत्या सळया आणि खाली लोखंडी प्लेटा.

ज्यांनी घर बांधले नाही त्यांच्यासाठी सांगतो : स्लॅब अर्ध्यावर थांबवता येत नाही. मेच्या उन्हात काँक्रीट तासा-दोन तासांत आवळू लागते. त्याच्या कडेला उद्या नवे काँक्रीट लावले तर दोन्ही एकजीव होत नाहीत. सांधा राहतो, पाणी धरतो, आणि चुकीच्या जागी असेल तर घराला धोका. मी स्कूटर काढली. ज्याच्याकडून सिमेंट घेतले होते तो दुकानदार लग्नाला गेलेला आणि गोदामाची किल्ली त्याच्या खिशात. लग्नसराई. आणखी दोन दुकाने पाहिली, एकाकडे माल नव्हता, एकाकडे हमाल नव्हते. पावणेपाच झाले होते. परत आलो तर इंजिनिअर वर उभा राहून काँक्रीटची कड तिरपी करून घेत होता आणि ओल्या गोणपाटांनी झाकत होता. मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

कुंपणापलीकडून सर पाहत होते. त्यांचे बांधकाम जोत्यापर्यंत आले होते. पत्र्याच्या खोपीत फळ्यांवर वीस पोती रचलेली होती. मी मागितली नाहीत. मागणार कुठल्या तोंडाने? तेच म्हणाले, "साहेब, न्या की. आपली आत्ता का लागायलीत." आणि स्वतः पहिले पोते पाठीवर घ्यायला वाकले. मजुरांनी त्यांना बाजूला केले.

पंधरा पोती गेली. साडेपाचला कडेवर सिमेंटचे दाट पाणी ब्रशने मारून पुन्हा सुरुवात झाली. दिवे लावून साडेसातला संपले. शिरा गार झाला होता, तरी सगळ्यांनी खाल्ला. मिस्त्रीने कागदाच्या रिकाम्या पिशव्या मोजल्या : सत्तर.

त्या रात्री झोप आली नाही. कंदिलाजवळ वही घेऊन बसलो, वीज गेली होती. नकाशावरची मापे मी घेतली होती ती भिंतींच्या आतली, साडेअठ्ठावीस बाय साडेअठरा. पण स्लॅब भिंतीवर टेकतो, भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत जातो. नऊ इंच इकडे, नऊ इंच तिकडे. एवढ्यात बहात्तर चौरस फूट गेले, म्हणजे सात पोती. दोन बीम स्लॅबखाली फूटभर उतरतात, त्यांचे तीस घनफूट, पुन्हा सात पोती. मी बीम धरलेच नव्हते. उरलेली सहा प्लेटांच्या अर्ध्या इंचाने खाल्ली. इंजिनिअरचे पासष्ट जवळपास बरोबर होते. आणि मग ध्यानात आले की सरांच्या अंदाजपत्रकावर रेघ मारताना मी हाच गुणाकार केला होता. आतल्या मापांचा. त्यांच्याच का, चार-पाच वर्षांत किती फायलींवर केला असेल, कोण जाणे.

सोमवारी सरांची फाइल काढली. त्यांचे सगळे आकडे बरोबर होते. माझ्या रेघेमुळे जेवढी रक्कम कमी झाली होती त्यात स्वयंपाकघरावरचा स्लॅब बसत नव्हता. म्हणून तेवढ्या खोलीवर पत्रे टाकायचे त्यांनी ठरवले होते. हे मला त्या दिवशी कळले. वाढीव मंजुरीची टिपणी लिहिली, चूक माझी असल्याचे तिच्यात नोंदवले, वरून मंजुरी आणली आणि संध्याकाळी कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. बरोबर पंधरा नवी पोतीही पाठवली. सरांनी पोती मोजून घेतली आणि कागद परत दिला. "आता हप्ता बसवलाय साहेब पगारात. वाढवला तर पोराच्या शिक्षणाला ताण पडतो. पत्र्याचं काय, पुढं बघू."

ते पुढे २००९ साली आले. बारा पावसाळे त्या पत्र्यांचा आवाज आमच्या घरात ऐकू येत असे. वहिनी पोळ्या लाटायच्या तेव्हा मेमध्ये त्या खोलीत काय होत असेल, हे आमच्या सौभाग्यवतीने मला अनेकदा सुनावले आहे. सरांनी एकदाही नाही.

इंजिनिअरने नंतर सांगितले की सांधा बीमपासून तीन फुटांवर आला, दोन आधारांमधल्या अंतराच्या तिसऱ्या हिश्श्याशी, जिथे कातरणारा जोर कमी असतो; बीमला लागून थांबलो असतो तर त्याने पट्टा तोडायला लावला असता. तरी छतावर ती रेघ आजही आहे. दिवाळीला रंग देतो, श्रावणात ती पुन्हा उमटते.

स्लॅब टाकून संपत नाही, याची आठवण लातूरच्या भावाने २०१६ मध्ये करून दिली. त्याला माडीवर स्लॅब टाकायचा होता. नांदेडला विष्णुपुरीचे पाणी असते म्हणून आम्हाला हा हिशेब कधी सुचत नाही. सहाशे फुटांच्या स्लॅबवर आळी करून दोन इंच पाणी तुंबवायचे म्हणजे अठ्ठावीसशे लिटर, आणि एप्रिल-मेच्या उन्हात रोज पाच-सहाशे लिटर उडून जाणारे भरून काढायचे. चौदा दिवसांचे दहा हजार लिटर. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येत होते; १२ एप्रिलला पहिली गाडी आली तेव्हा तिच्यात पाच लाख लिटर होते, साऱ्या शहरासाठी. भाऊ म्हणाला, "लोकं घागरीसाठी रांगेत उभी आहेत आणि मी छतावर पाणी तुंबवू? तोंड दाखवायला जागा राहायची नाही." टँकर विकत मिळाला असता. त्याने घेतला नाही. सळई बांधून ठेवली होती ती गोणपाटाने झाकली आणि पावसाची वाट पाहिली. त्या वर्षी पाऊस चांगला झाला. सप्टेंबरमध्ये स्लॅब पडला आणि पंधरा दिवस आभाळानेच पाणी मारले.

तर पुतण्याचा नकाशा. चाळीस बाय अठ्ठावीस, या वेळी बाहेरून बाहेर मोजले. अकराशे वीस चौरस फूट, पाच इंच : चारशे सदुसष्ट घनफूट, म्हणजे तेरा घनमीटरच्या थोडे वर. स्लॅबखाली उतरलेले बीम, जिना आणि छज्जे वेगळे मांडले, ते अडीचच्या आत. सांडलवंड आणि प्लेटा दबण्याचे तीन टक्के. सोळा घनमीटर. मिस्त्रीचे वीस सांगितले असते तर चार घनमीटर माल रस्त्याच्या कडेला ओतावा लागला असता; रेडीमिक्सची गाडी परत घेऊन जात नाही. मी आकडा कळवला आणि लिहिले, इंजिनिअरला फोनवर गाठून विचारल्याशिवाय ऑर्डर देऊ नकोस. आणि म्हणावं, पहिल्या दोन गाड्या सहा-सहाच्या पाठवा. शेवटचा आकडा दुसरी गाडी रिकामी होत असताना उरलेला पट्टा मोजून सांगतो.

तासाभराने त्याचा पुन्हा फोन. "काका, इंजिनिअर सोळाच म्हणाले. पण एक विचारू? पाचचे सहा इंच करावे का? आजोबा सांगायचे ना किल्लारीचं. आणि परवाच्या जुलैत पण हललं होतं." १० जुलै २०२४ ची सकाळ त्याच्या मनात होती. हिंगोलीकडे केंद्र, ४.५ तीव्रता, नांदेडला आमच्या घरातले पंखे डोलले. मी खुर्चीतून उठून छताच्या त्या रेघेकडे पाहत उभा राहिलो होतो. बाहेर जायचे सोडून.

त्याचा जन्म भूकंपानंतरचा. चुलतआजीचे नाव त्याला ठाऊक आहे, माळवद त्याने पाहिलेले नाही. किल्लारीच्या वेळी तो सगळा भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या रकान्यात होता. २००२ मध्ये त्याला तिसऱ्या विभागात घातले. म्हणून घराचे डिझाइन करणाऱ्याने कॉलमच्या रिंगा जवळजवळ बांधायला सांगितल्या आहेत. तिथे पैसे घाल, असे त्याला म्हटले. एक इंच वाढवलास तर साडेसहा टन जास्त डोक्यावर घेशील.

"साडेसहा टन?" तो म्हणाला. "एका इंचाचे?"

"मोज की. त्र्याण्णव घनफूट, गुणिले सत्तर."

पलीकडे फोनवर बोटे चालल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "बरोबर आहे. पाचच टाकतो. रविवारी या काका, शिरा करायलेत."

गेलो. सळईवर पाच इंचांची खूण करून सोबत नेली होती. शेवटची गाडी चारच घनमीटर घेऊन आली आणि तिच्या पिपात तळाला जे उरले, त्यात दारातल्या दोन पायऱ्या झाल्या.